जुना तोफगोळा, बॉम्ब किंवा हातबॉम्ब ओळखायचा कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खणताना गोळ्यासारखं काहीतरी लागलं आहे. सुरुवात कुठून करायची?

हात मागे घेण्यापासून. वस्तूचं नाव काय, हा नंतरचा प्रश्न. ती भरलेली असू शकते का, हा पहिला. मातीतून नुकत्याच वर आलेल्या कुठल्याही लष्करी वस्तूबाबत त्याचं उत्तर ‘हो’ असंच धरायचं.

खणणं थांबवा. कुदळ-फावडं आहे तिथेच राहू द्या, कारण रुतलेलं फावडं उपसतानाही वस्तू हलते. आलात त्याच पावलांनी मागे फिरा. एक गोळा जिथे असतो तिथे आसपास आणखी असू शकतात. येणाऱ्याला लांबूनच दिसेल अशी खूण ठेवा, माणसांना आणि जनावरांना त्या बाजूला फिरकू देऊ नका आणि पुरेसं लांब गेल्यावर पोलिसांना फोन करा. बॉम्बशोधक पथक त्यांच्यामार्फत येतं. फोनवर नेमकी जागा सांगा. अंदाजे लांबी-जाडी, आकार, वस्तू उघडी आहे की अर्धी पुरलेली, आणि काही पाझरतंय का, हेही सांगा. आधी कोणी ती हलवली असेल तर लपवू नका. पथकाची पुढची आखणी त्यावर अवलंबून असते.

तीन चुका पुन्हापुन्हा होतात. वस्तू पाण्याच्या बादलीत बुडवणं, ती पुन्हा मातीत पुरून वरून दाबणं, आणि गाडीच्या डिकीत घालून थेट पोलीस ठाण्यात नेणं. तिसरी सर्वांत घातक, कारण तेव्हा वस्तू हादरतेही आणि माणसांच्या गर्दीतही पोचते.

शंभर वर्षं जुनी वस्तू अजून फुटू शकते?

फुटू शकते. टीएनटी हे फार टिकाऊ स्फोटक आहे. धातूच्या कवचात बंद असेल तर दशकानुदशकं त्याची ताकद जवळपास तशीच राहते. वय वाढतं तसा बिघाड होतो तो आजूबाजूच्या भागांत, आणि तो बहुतेक वेळा धोका वाढवणाराच असतो. सुरक्षेची पिन गंजून जाते, स्प्रिंग तुटते, आणि फ्यूजमधला, म्हणजे गोळा ठरल्या क्षणी फोडणाऱ्या यंत्रणेतला, जो भाग अडकवून ठेवलेला होता तो सैल होतो.

दोन रासायनिक बदल तर नव्या गोळ्यापेक्षा जुना गोळा जास्त नाजूक करतात. पहिल्या महायुद्धातल्या अनेक गोळ्यांत पिक्रिक ॲसिड भरलेलं असे. ब्रिटिश त्याला लिडाइट म्हणत, फ्रेंच मेलिनाइट आणि जपानी शिमोसे. धातूशी संपर्क आला की त्याचे पिक्रेट क्षार बनतात. शिशाचा क्षार घर्षणाला आणि धक्क्याला अतिशय संवेदनशील असतो. म्हणूनच त्या गोळ्यांना आतून व्हार्निशचा लेप देत. तो लेप आज कुठे सुटला आहे हे बाहेरून कळत नाही. दुसरा बदल डिटोनेटरमध्ये, म्हणजे मुख्य स्फोटकाला ठिणगी देणाऱ्या लहानशा स्फोटक भागात होतो. लेड अझाइडला ओल लागली आणि जवळ तांबं किंवा पितळ असलं की कॉपर अझाइड तयार होतं. ते नुसत्या ओरखड्यानेही फुटू शकतं.

काळी दारू, म्हणजे जुनी बंदुकीची दारू, हीही भरवशाची नाही. भिजलेली दारू वाळली की पुन्हा पेटू शकते. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये २००८ साली यादवी युद्धाच्या काळातला ९ इंची नौदलाचा गोळा साफ करताना एका अनुभवी संग्राहकाचा मृत्यू झाला. तो गोळा जवळपास दीडशे वर्षांचा होता.

घरात दोन पिढ्या शोभेला ठेवलेला गोळा आहे. इतक्या वर्षांत काही झालं नाही, म्हणजे तो निकामीच ना?

तसं मानता येत नाही. न हलवलेला गोळा शांत असतो, एवढंच त्यावरून कळतं. निकामी गोळ्याची खरी खूण डोळ्यांना दिसते. टोकाचं छिद्र उघडं असतं, आत बुडापर्यंत कोरडा धातू दिसतो, किंवा कवायतीच्या गोळ्यांसारखी कवचाला आरपार भोकं पाडलेली असतात.

इथे एक फसवी गोष्ट नीट समजून घ्या. टोकाला फ्यूज नाही, त्याऐवजी साधं बूच किंवा कडी असलेला बोल्ट आहे, म्हणून अनेकजण ‘फ्यूज काढलेला आहे, सुरक्षित आहे’ असं म्हणतात. मोठे गोळे कारखान्यातून तोफेपर्यंत तसेच जात. स्फोटक भरलेलं, फ्यूज वेगळ्या पेटीत आणि टोकाला उचलायची कडी. म्हणजे कडी असलेला गोळा भरलेला असण्याचीच शक्यता जास्त. उलट बाजूही खरी आहे. गोळा रिकामा असला तरी त्यावर बसवलेल्या फ्यूजमध्ये स्वतःचा डिटोनेटर असू शकतो, आणि बोटं किंवा डोळा जायला तेवढा पुरतो.

पितळी नळकांड्यांची गोष्ट वेगळी आहे. फुलदाणी किंवा छत्री ठेवायचं भांडं म्हणून घराघरांत असतात ती उडालेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी. त्यांच्या बुडाशी मधोमध प्रायमर, म्हणजे टोला बसताच दारू पेटवणारी टोपी असते. त्यावर तोफेच्या टोला मारणाऱ्या पिनेचा स्पष्ट खड्डा असेल तर तो उडालेला असण्याची शक्यता मोठी. खड्डा नसेल तर नळकांडं रिकामं दिसत असूनही प्रायमर जिवंत असू शकतो. अशा नळकांड्याला पॉलिश करायला यंत्र लावू नका आणि त्याच्या बुडावर हातोडी मारू नका.

फोटो कसे काढावेत, म्हणजे जाणकाराला ओळख सांगता येईल?

जमिनीतली वस्तू असेल तर जिथे उभं राहून ती पहिल्यांदा दिसली तिथूनच झूम करून काढा. जवळ जाऊन शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवायची नाही. मोजमापाचा अंदाज शेजारी आधीच पडलेल्या वस्तूवरून, विटेवरून किंवा फावड्याच्या पात्यावरून घेता येतो. नंतर तीच वीट मोजली की झालं.

पथकाने तपासून मोकळी केलेली किंवा संग्रहातली निकामी वस्तू असेल तर पाच फोटो लागतात. पूर्ण वस्तू आडवी, कॅमेरा तिच्या मध्याच्या रेषेत. टोक समोरून. बूड समोरून. गोळ्याच्या बुडाजवळ भोवताली बसवलेला तांब्याचा पट्टा जवळून. आणि प्रत्येक शिक्का वेगळा. शिक्क्यांसाठी समोरून फ्लॅश मारला की अक्षरं सपाट होऊन नाहीशी होतात. बॅटरी जवळजवळ धातूला टेकवून बाजूने तिरपा प्रकाश टाका आणि प्रकाशाची दिशा बदलत तीन-चार फोटो घ्या. कडेला मिलिमीटरची पट्टी वस्तूच्या मध्याच्या उंचीवर धरा. ती टेबलावर ठेवली तर वस्तूपेक्षा कॅमेऱ्यापासून लांब जाते आणि माप चुकतं.

माप नेमकं कुठे घ्यायचं?

तांब्याच्या पट्ट्याच्या पुढे, जिथे कवच सर्वांत रुंद आणि गुळगुळीत घडवलेलं असतं तिथे. तोफेच्या नळीत गोळा तिथे टेकतो. हे माप तोफेच्या व्यासापेक्षा किंचित कमी भरतं. तांब्याचा पट्टा मात्र जरा मोठा असतो, कारण त्याला नळीतल्या खोबणीत घुसायचं असतं. गंजलेल्या गोळ्याचा व्यास एकाच जागी मोजून भागत नाही. तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत लहान आकडा विश्वासाचा धरा. गंजाची खपली एका बाजूला दोन-तीन मिलिमीटर सहज वाढवते, आणि तेवढ्यात देश बदलतो.

हे खरंच घडतं, कारण मापं एकमेकांना फार जवळ आहेत. फ्रेंच मैदानी तोफ ७५ मिमी, रशियन आणि अमेरिकन तीन इंची ७६.२, जर्मन मैदानी तोफ ७७. ब्रिटिश १८ पौंडी ८३.८ आणि नंतरची २५ पौंडी ८७.६. ब्रिटिश साडेचार इंची हॉवित्झर, म्हणजे गोळा उंचावरून टाकणारी आखूड तोफ, ११४. जर्मन ‘१५ सेंटीमीटर’ प्रत्यक्षात १४९.१, ब्रिटिश सहा इंची १५२.४, फ्रेंच १५५. ‘पौंडी’ हे नाव गोळ्याच्या वजनावरून पडलं आहे, व्यासावरून नाही. त्यामुळे पौंडातला आकडा मिलिमीटरमध्ये शोधत बसू नये.

३७ मिमीचे लहान गोळे जगभर एवढे का सापडतात, असं पुष्कळजण विचारतात. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग घोषणेने ४०० ग्रॅमपेक्षा हलके स्फोटक गोळे वापरायला मनाई केली. एक पौंडी, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमचा ३७ मिमी गोळा त्या मर्यादेच्या जेमतेम वर बसत होता, आणि अनेक देशांनी तोच उचलला.

तांब्याचा पट्टा काय सांगतो?

ओळख पटवताना सर्वांत जास्त माहिती तिथेच असते. गंज त्याला लोखंडाइतका खात नाही, म्हणून बाकी गोळा विद्रूप झाला तरी पट्टा वाचता येतो.

पट्ट्यावर तिरप्या समांतर चरा उमटलेल्या असतील तर गोळा तोफेतून उडालेला आहे. उडालेला म्हणजे सुरक्षित, ही समजूत पूर्णपणे उलटी आहे. उडताना बसणाऱ्या धक्क्याने आणि गोल फिरण्याने फ्यूजमधले अडसर सुटतात. म्हणजे उडून न फुटलेल्या गोळ्याचा फ्यूज पूर्ण सज्ज होऊन कुठेतरी अडकलेला असू शकतो. पट्टा गुळगुळीत असेल तर तो कधी तोफेत गेलाच नाही. तो टाकून दिलेला, पुरलेला किंवा सांडलेला साठा असावा. दोन्ही धोकादायकच, पण पथकाच्या दृष्टीने पहिला जास्त.

चरांची संख्या ही जवळजवळ बोटांच्या ठशासारखी असते. फ्रेंच ७५ मिमी तोफेच्या नळीत २४ खोबणी, ब्रिटिश १८ पौंडीत १८, २५ पौंडीत २६. निम्मा पट्टाच दिसत असेल तर तेवढ्या चरा मोजून दुप्पट करा, पण दोनदा मोजा. कडेला दबलेली चर हमखास सुटते. पट्ट्याची रुंदी, एक पट्टा की दोन, आणि बुडापासून पट्ट्याची खालची कड किती अंतरावर आहे, हे तीन आकडे लिहून ठेवा. व्यास सारखा असलेल्या दोन देशांच्या गोळ्यांत फरक करताना बऱ्याचदा हेच आकडे निकाल लावतात.

पट्टाच नाही. मग?

इथूनच खऱ्या अर्थाने चमत्कारिक वस्तू सुरू होतात.

शेपटीला पंख असतील तर उखळी तोफेचा गोळा किंवा विमानातून टाकायचा बॉम्ब. उखळी तोफांचे नेहमीचे व्यास ६०, ८१ आणि सोव्हिएत बनावटीचा ८२ मिमी. पंख गंजून गळून पडले की मागे उरतो तो थेंबाच्या आकाराचा गोळा, आणि त्याला लोक ओळंबा समजतात. विमानाच्या बॉम्बला कवचावर लटकवण्याची कडी किंवा तिची बैठक असते, आणि फ्यूज टोकाला, शेपटीला किंवा जर्मन बॉम्बप्रमाणे बाजूच्या पोटात असू शकतो.

कवचावर ओळीने पितळेसारखे गोल खुंट असतील तर तो १८६० नंतरच्या काळातल्या, तोंडाकडून भरायच्या ब्रिटिश रायफल्ड, म्हणजे आतून खोबणी पाडलेल्या तोफेचा गोळा. ते खुंट नळीच्या खोबणीत सरकत. सबंध गोळ्यावर शिशाचा जाड थर असेल तर ब्रिटिश आर्मस्ट्राँग तोफेचा. शिसं नळीत दाबलं जाऊन तेच पट्ट्याचं काम करी. गोळा सहा बाजूंचा असेल आणि बाजू किंचित पिळलेल्या असतील तर ब्रिटिश व्हिटवर्थ तोफेचा. तो एकदा पाहिला की विसरत नाही, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो यंत्राचा सुटा भागच वाटतो. अमेरिकन पॅरट तोफेच्या गोळ्याला फक्त बुडाशी कडं असतं. ते निखळून पडलं की बुडाची पायरीसारखी खाच तेवढी दिसते.

एका टोकाला बंद असलेली साधी लोखंडी नळी रॉकेटची असू शकते. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या एका कोरड्या विहिरीत २०१८ साली हजाराहून अधिक गंजलेली रॉकेटं मिळाली. ती टिपू सुलतानाच्या काळातली मानली जातात. तिथल्या चिखलाला दारूचा वास येत होता, आणि वास येतो याचा अर्थ आत दारू शिल्लक आहे, हे तिथे लक्षात ठेवण्यासारखं होतं.

पहिल्या महायुद्धातल्या दोन विचित्र गोष्टीही वारंवार विचारल्या जातात. फुटबॉलपेक्षा जरा मोठा लोखंडी गोळा आणि त्याला पाच सेंटीमीटर जाडीचा दांडा, हा ब्रिटिश खंदकी उखळीचा बॉम्ब. आणि ५० मिमी जाडीचा, मधोमध आरपार छिद्र असलेला बुटका डबा म्हणजे फ्रेंच व्हिव्हेन-बेसिएर रायफल ग्रेनेड, बंदुकीच्या टोकावरून उडवायचा हातबॉम्ब. त्या छिद्रातून बंदुकीची गोळी जाई आणि जाता जाता फ्यूज पेटवी. छिद्र दिसतं म्हणून लोक त्याला रिकामी नळी समजतात. स्फोटक त्या छिद्राभोवतीच्या भिंतीत भरलेलं असतं.

टोकावरच्या पितळी भागावर कडी आणि आकडे आहेत. ते घड्याळ आहे का?

तो वेळेचा फ्यूज आहे. कडं फिरवून गोळा किती वेळाने फुटायचा ते ठरवत. जुन्या प्रकारात कड्याच्या आत दाबून भरलेली दारू ठरावीक वेगाने जळत जाते, नंतरच्या प्रकारात खरोखरच घड्याळासारखी चक्रं असतात. पहिल्या महायुद्धातल्या अनेक जर्मन फ्यूजवर सेकंदांऐवजी मीटरचे आकडे दिसतात. कडं फिरतं का हे बघायची इच्छा होते. ती आवरा.

ब्रिटिश फ्यूजवर क्रमांक, रोमन आकड्यात सुधारणेचा क्रम, कारखान्याची अक्षरं आणि तारीख असते. ८० क्रमांक वेळेचा आणि आपटीचाही, १०६ क्रमांक आपटताक्षणी उडणारा. क्रमांक वाचता आला की अर्धं काम झालं. मात्र फ्यूजवरची तारीख फ्यूजची असते, गोळ्याची नव्हे. दोन्ही वेगळ्या कारखान्यांत बनत, आणि वर्ष-दोन वर्षांचा फरक पडतो.

रंगावरून कळतं का?

काळ माहीत असेल तर कळतं, नाहीतर रंग फसवतो. आजच्या नाटो पद्धतीत ऑलिव्ह रंगावर पिवळी अक्षरं म्हणजे तीव्र स्फोटक, निळा सरावाचा, फिकट हिरवा धुराचा, तपकिरी म्हणजे दारूचा किंवा हलक्या स्फोटकाचा, आणि कांस्य रंग म्हणजे पूर्ण निकामी. हा तक्ता आंतरजालावर सगळीकडे फिरतो आणि लोक तो १९१७ च्या गोळ्याला लावतात. पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश लिडाइटचा गोळा सबंध पिवळा असे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत स्फोटक गोळे पूर्ण पिवळे होते, नंतर ते ऑलिव्ह झाले आणि पिवळा फक्त अक्षरांत उरला. जर्मन गोळ्याचा काळा रंग चिलखतभेदी दाखवतो, तर इतरत्र काळा गोळा कवायतीचाही असतो.

ब्रिटिश गोळ्याच्या टोकाजवळचं लाल कडं शोधा. ते दिसलं तर गोळा भरलेला आहे असं समजायचं. सरावाचा निळा रंगही निर्धास्त करणारा नाही. सरावाच्या बॉम्बमध्ये पडल्याची जागा दिसावी म्हणून धूर किंवा ठिणगी करणारा लहान भार असतो, आणि तो हात भाजायला पुरेसा आहे. ‘निकामी’ असा छाप कोणीही स्टेन्सिलने मारू शकतो. विकणाऱ्यानेही.

शिक्के आणि बाण यांचा अर्थ काय?

तीन रेघांचा रुंद बाण हे ब्रिटिश सरकारी मालकीचं चिन्ह. बाण इंग्रजी सी अक्षराच्या आत असेल तर कॅनडा, दोन डी अक्षरांच्या मधे असेल तर ऑस्ट्रेलिया, आणि बाणाखाली आय अक्षर असेल तर भारत. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वस्तूंवर गरुड आणि त्यासोबत तपासनिसाचा क्रमांक असतो, कारखान्याचं नाव दोन-तीन लहान अक्षरांच्या सांकेतिक रूपात असतं. पहिल्या महायुद्धातली जर्मन नळकांडी उलट अगदी मोकळेपणाने कारखान्याचं पूर्ण नाव, महिना आणि वर्ष सांगतात. फ्रेंच ७५ मिमी नळकांड्याच्या बुडावर ‘७५’ आणि त्यापुढे मैदानी तोफ सुचवणारी अक्षरं असतात. नवखे ती आद्याक्षरं कारखान्याची समजतात.

एकाच शिक्क्यावरून निष्कर्ष काढू नका. पकडलेला दारूगोळा पुन्हा वापरला जाई, आणि एका देशाच्या कारखान्यांनी दुसऱ्यासाठी माल बनवला. व्यास, पट्टा, फ्यूज आणि शिक्का या चौघांचं एकमत झालं तरच नाव पक्कं. तिघं एक बोलतात आणि चौथा वेगळा, असं झालं तर बहुधा फ्यूज नंतर बसवलेला असतो. संग्राहक ‘शोभतो’ म्हणून भलताच फ्यूज लावतात.

गोल लोखंडी गोळा मिळाला आहे. तोफेचाच असेल ना?

कदाचित. गोल गोळ्यांबाबत चुकीची ओळख सर्वांत जास्त होते. खाणीतल्या आणि सिमेंटच्या दळण-यंत्रांत असेच पोलादी गोळे लागतात. गेटच्या खांबांवरची शोभा, जुन्या तराजूंची वजनं, आणि मैदानी खेळातला गोळाफेकीचा गोळा हेही यादीत आहेत. पुरुषांच्या गोळाफेकीचा गोळा ७.२६ किलोचा, व्यास ११० ते १३० मिमी. अगदी ‘१२ पौंडी’ वाटावा असा, फक्त वजन जास्त.

वजन आणि व्यास यांचा हिशोब इथे खरं उत्तर देतो, पण तो वस्तू तपासून मोकळी झाल्यानंतरच करायचा. घेर दोऱ्याने मोजून ३.१४ ने भागा. आलेला व्यास सेंटीमीटरमध्ये घेऊन त्याचा घन काढा, त्याला ०.५२४ ने गुणा, मग ७.२ ने. हे भरीव बिडाच्या गोळ्याचं वजन ग्रॅममध्ये. उदाहरणार्थ, ९.१ सेंटीमीटर व्यासाला साधारण २.८ किलो येतात, म्हणजे ६ पौंडी. खरं वजन याहून बरंच कमी, म्हणजे चौथाई-तिहाई कमी भरलं तर गोळा पोकळ आहे, आणि पोकळ म्हणजे दारू भरायचा. शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक गंजामुळेही पडतो. वजन जास्त भरलं तर तो बिडाचा नाही. पोलाद बिडापेक्षा जड असतं, आणि दळण-यंत्राचे गोळे तिथेच पकडले जातात.

पोकळ गोळ्याला फ्यूजचं छिद्र असतंच, पण शतकभराच्या गंजाने ते बुजून सपाट दिसतं. लाकडी बूच कुजून त्याजागी माती घट्ट बसते. छिद्र दिसत नाही म्हणजे भरीव, असं म्हणू नका. शोधण्यासाठी खरवडूही नका.

सापडलेली वस्तू काचेची बाटली आहे. तीही दारूगोळा असू शकते?

असू शकते, आणि ती फार वाईट असते. १९४० पासून ब्रिटनमध्ये होम गार्डसाठी, म्हणजे स्थानिक संरक्षणाच्या स्वयंसेवक दलासाठी, ७६ क्रमांकाचा ग्रेनेड बनला. साध्या अर्ध्या पाइंटच्या बाटलीत पांढरा फॉस्फरस, बेंझीन, पाणी आणि रबराची पट्टी, वर सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं बूच. साठ लाखांहून अधिक बनल्या. पुष्कळशा बांधांत, ओढ्यांत पुरून ठेवल्या आणि विसरल्या गेल्या. आत द्रवाचे दोन थर आणि त्यात रबराची विरघळत आलेली पट्टी दिसली तर हात लावू नका. फुटली की हवा लागताच पेटते. लाल बूच हाताने फेकायच्या बाटलीचं, हिरवं बूच प्रक्षेपकातून उडवायच्या जाड काचेच्या बाटलीचं.

फॉस्फरसचा दुसरा सापळा समुद्रकिनाऱ्यावर असतो. जर्मनीच्या उझेडोम बेटावर त्याचे पिवळट खडे राळेच्या अंबर खड्यांसारखे दिसतात. ओले असताना ते निरुपद्रवी वाटतात, खिशात गेल्यावर वाळतात आणि पेटतात. अशा किनाऱ्यावरचा संशयास्पद खडा खिशात घालायचाच नाही.

पंख उघडलेल्या डब्यासारखं काहीतरी तारेला लटकलं आहे.

लगेच मागे व्हा. हे वर्णन जर्मन एसडी-२ म्हणजे ‘फुलपाखरू’ बॉम्बला तंतोतंत जुळतं. साधारण दोन किलोचा लहान डबा, भोवतीचं आवरण दोन अर्धनळ्या आणि दोन चकत्या होऊन उघडतं, आणि तारेवर फिरत खाली येतं. त्याच्या काही फ्यूजची रचना पडल्यावर लगेच न फुटता हलवल्यावर फुटावी अशीच आहे. जून १९४३ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रिम्झबी आणि क्लीथॉर्प्स इथे ते पडले तेव्हा हल्ला संपल्यानंतरही माणसं मेली, कारण त्यांनी ते उचलले. अशा वस्तूसाठी फोटोसुद्धा महत्त्वाचा नाही.

आत रासायनिक वायू असेल हे कसं ओळखायचं?

बाहेरून खात्रीने ओळखता येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन गोळ्यांवर हिरवा क्रॉस म्हणजे फॉस्जीनच्या जातीचे वायू, पिवळा क्रॉस म्हणजे अंगावर फोड आणणारं मस्टर्ड, निळा क्रॉस म्हणजे आर्सेनिकयुक्त शिंक आणणारी द्रव्यं. पण जमिनीत रंग उरत नाही, आणि उरतो तो स्फोटक गोळ्यासारखाच दिसणारा गंजका लोखंडी गोळा. बेल्जियममध्ये पूलकापेले इथे लष्कराचं पथक आजही असे गोळे एक्स-रेखाली तपासतं. आत द्रवाची सपाट पातळी दिसली की तो वेगळ्या रांगेत जातो. घरी याची नक्कल म्हणून गोळा कानाशी हलवून बघणं हा सरळ आत्मघात.

लसूण, मोहरी किंवा नुकत्या कापलेल्या गवताचा वास आला तर वाऱ्याच्या उलट दिशेला निघा. मस्टर्डचे फोड काही तासांनी उठतात. त्या वेळी त्रास नाही म्हणून गाफील राहू नका. अंगावर काही लागलं असेल तर कपडे बाहेरच काढा आणि डॉक्टरांना नेमकं काय घडलं ते सांगा.

उडालेला पण अखंड गोळा, टोक उघडं, आत पोकळ. हे काय?

बहुधा श्रापनेल. त्या गोळ्याचं कवच फुटत नाही. बुडातला लहान भार आतल्या शिशाच्या गोळ्या पुढच्या बाजूने बाहेर फेकतो आणि कवच बंदुकीच्या नळीसारखं रिकामं पडतं. १८ पौंडीत अशा सुमारे ३७५ गोळ्या असत. कवच पातळ, भिंती सरळ आणि तळाशी चकती बसायची पायरी, या त्याच्या खुणा. टोक मातीने भरलेलं असेल तर आत काय उरलं आहे हे ठाऊक नसतं, तेव्हा माती काढायचं काम पथकाचं.

गंज काढून साफ केल्यावर शिक्के दिसतील का?

बहुतेक वेळा गंजाबरोबर शिक्केही जातात, कारण लोखंडावरचा ठसा गंजाच्याच थरात शिल्लक असतो. वायर ब्रश, ग्राइंडर, तापवणं, आम्ल, विजेच्या प्रवाहाने गंज काढणं, यांतलं काहीही तपासणी न झालेल्या वस्तूला लावायचं नाही. व्हर्जिनियातला तो गोळाही साफ करतानाच फुटला. निकामी ठरलेल्या वस्तूला आधी मऊ ब्रश, मग कोरडं कापड, आणि तिरपा प्रकाश. तेवढ्यात वाचता आलं नाही तर तिथेच थांबा. मूळ रंगाचा नखाएवढा तुकडा टिकला तरी पुढच्या जाणकाराला तो चकाकत्या लोखंडापेक्षा जास्त सांगतो.

ओळख पटली. आता ती ठेवता येईल का?

देशागणिक कायदा वेगळा आहे. रिकाम्या कवचालाही काही ठिकाणी परवाना लागतो, आणि पुरातत्त्वीय वस्तू म्हणून ती सरकारची ठरू शकते. ठेवायची असेल तर पथकाकडून किंवा अधिकृत संस्थेकडून ती निकामी असल्याचा लेखी दाखला मागा, त्यावर वस्तूची मापं, शिक्के आणि फोटो नोंदवून घ्या, आणि तो वस्तूबरोबरच ठेवा. दाखल्यावर मापं नसतील तर तो याच वस्तूचा आहे हे पुढच्या मालकाला सिद्ध करता येत नाही. पाच-दहा वर्षांनी घर बदलताना नेमका हाच प्रश्न उभा राहतो आणि सबंध इमारत रिकामी करावी लागते.